मोठ्या घरची माणसं

माझ्या दादाला गल्लीत सगळे 'सरकार' म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागेही म्हणत. त्यातली थट्टा कळायला फार हुशारी लागत नव्हती, पण दादाला ती कधीच कळली नाही. समोरच्या किल्ल्या बनवणाऱ्याने 'काय सरकार, आज स्वारी कुठे?' असं विचारलं की दादा मान किंचित झुकवायचा, 'हां, जरा फेरफटका' म्हणायचा आणि हात पाठीमागे बांधून निघायचा. फेरफटका म्हणजे काय, तर बंदराच्या कठड्यापर्यंत जायचं, पाण्याकडे बघत उभं राहायचं आणि चहाच्या वेळेला बरोब्बर परत यायचं. तोवर मी इथे टेबलाशी उभी राहून पाय सुजवून घेतलेले असायचे.

आमचं इस्त्रीचं दुकान आहे. आधी आईचं होतं, तिचे डोळे गेल्यावर माझं झालं. मला नवरा होता, तो लग्नानंतर लवकरच तापाने गेला, आणि मी माझं गाठोडं घेऊन परत इथेच आले. पुढे दुकान, मागे एक खोली, खोलीला एक खिडकी आणि खिडकीसमोर शेजारच्यांची भिंत. दुकानात लांब टेबल, त्यावर घडी घातलेलं कांबळं आणि कांबळ्यावर घट्ट ताणून बांधलेली चादर. दाराशी एक खुर्ची, तिचा एक हात निखळलेला. ती दादाची. गिऱ्हाईक आलं की दादा खुर्चीतून उठायचा नाही, पण अशा काही अदबीने 'या, या' म्हणायचा की माणसाला वाटावं आपण कपडे टाकायला नाही, भेटीगाठीला आलोय. कपडे मोजून घेणार मी, डाग शोधणार मी, बोटं भाजून घेणार मी. दादा घरच्यांची खुशाली विचारायचा.

मी चिडायची. रोज चिडायची. 'दादा, नुसता बसलास तरी जागा अडते रे,' असं मी म्हटलं की तो सहानुभूतीने माझ्याकडे बघायचा. जणू काही हे बोलणं माझं नव्हेच, माझ्यावर आलेल्या दिवसांचं आहे.

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते बाबांच्या एका वाक्याने. ते सांगण्याआधी आमच्या गावाबद्दल सांगितलं पाहिजे. इथे सगळेच कुठून ना कुठून समुद्रावरून आलेले. त्याआधी जे इथे राहत होते त्यांचं नाव कोणी काढत नाही. पण आलेल्यांमध्ये आधी कोण आणि नंतर कोण, यावर मात्र अजून माणसाची पायरी ठरते. पहिल्या गलबतातून उतरलेली काही घराणी आहेत. त्यांच्या वंशजांचं एक मंडळ आहे. मंडळाचं खरं नाव इतकं लांबलचक आहे की दारावरच्या पाटीवर ते एका ओळीत मावत नाही. आम्ही आपले 'गलबतवाले' म्हणतो. गलबत किनाऱ्याला लागलं त्या दिवशी दरवर्षी त्यांच्या सभागृहात सोहळा असतो. जुन्या काळचे पोशाख घालून सगळे जमतात. एकेका घराण्याचं नाव पुकारतात, त्या घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस मंचावर चढतं, टाळ्या होतात, आणि मागच्या भिंतीवरच्या त्यांच्या पितळी पट्टीला हात लावून ते खाली उतरतं. एवढंच. पण त्या एवढ्यासाठी लोक वर्षभर जीव टाकतात.

त्या पोशाखांना इस्त्री करायचं काम आईपासून आमच्याकडे. खळ घालून कडक केलेल्या कॉलरी, चुण्यांचे घागरे, लेसच्या टोप्या. कॉलर नेहमी टोकांकडून मध्याकडे दाबत न्यायची, नाहीतर टोकाला सुरकुती धरते आणि मग ती कशानेही जात नाही. ही अक्कल आईने मला चापट मारून शिकवली होती.

आणि या सगळ्या घराण्यांत सगळ्यात वरचं घराणं टेकडीवरचं. त्याला नुसतं 'मोठं घर' म्हणायचं. सगळं गाव तसंच म्हणतं.

बाबा गोदीत पोती उचलायचे. संध्याकाळी येऊन भिंतीला पाठ लावून बसायचे. आई इस्त्री निवायच्या आत फडकं गरम करून त्यांच्या पाठीवर ठेवायची, आणि ती ऊब लागली की बाबा डोळे मिटून म्हणायचे, 'पोरांनो, एक ध्यानात ठेवा. आपण मोठ्या घरची माणसं.' त्यांच्या वडिलांनी त्यांना हेच सांगितलं होतं, आणि त्यांना त्यांच्या वडिलांनी. याच्यापुढे बाबांना काहीही माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, 'म्हणजे तेच. घरची माणसं.'

मी ऐकलं आणि विसरले. दादाने मात्र त्या वाक्यावर अख्खं घराणं उभं केलं. आमचा खापरपणजोबा म्हणजे मोठ्या घराच्या मूळ पुरुषाचा धाकटा भाऊ. गलबतातून दोघं बरोबरच उतरले. पुढे काहीतरी बिनसलं. दादा दहा-बारा वर्षांचा होता तेव्हा धाकटा भाऊ नुसता रुसून निघून गेला होता. दादाला मिसरूड फुटेपर्यंत त्याने इस्टेटीवर पाणी सोडलं होतं. आणि दादाचे केस पिकायला लागले तेव्हा तर त्याने तत्त्वासाठी भावाचं तोंड बघायचंही सोडलं होतं. 'आपल्या घराण्यात स्वाभिमान आहे,' दादा म्हणायचा. 'आहे खरा, पण तो खाता येत नाही,' मी म्हणायची.

पुरावा म्हणून त्याच्याकडे एक कोट होता. तो मात्र खराच जुना. काळा, गुडघ्यापर्यंतचा, चांदीच्या रंगाच्या गुंड्या आणि प्रत्येक गुंडीवर शिडाचं गलबत. बाबांच्या पेटीत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलेला. दरवर्षी सोहळ्याच्या आधी दादा तो बाहेर काढायचा आणि मी त्याला इस्त्री करायची. काळ्या लोकरीवर सरळ इस्त्री फिरवली की ती चकाकते आणि कोट उतरल्यासारखा दिसतो, म्हणून वर ओलं फडकं टाकून हलक्या हाताने दाबायचा. मग दादा तो घालून सभागृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसायचा, सगळी नावं ऐकायचा आणि परत येऊन कोट टांगायचा. 'यंदाही नाही पुकारलं,' म्हणायचा. रागाने नाही. गाडी उशिरा आहे असं सांगतात ना, तसं.

त्या कोटाला खिसे नव्हते. बाहेरून झाकणं होती, पण उचलून बघावं तर खाली सलग कापड. आतल्या अस्तरालाही खिसा नाही. मी एकदा विचारलं, 'असला कसला रे कोट, साधा रुमाल ठेवायची सोय नाही!' दादाने असा चेहरा केला की जणू मी फारच खालच्या पातळीवर उतरले होते. म्हणाला, 'वेडे, मोठ्या लोकांना खिसे कशाला लागतात? त्यांचं सगळं बाळगायला मागे माणसं असतात.' मला हसू आवरेना. पण खरं सांगते, त्या उत्तरात मला त्याचा अभिमानही वाटला. निदान मुद्देसूद तरी होतं.

त्या एका वाक्यापायी त्याने आयुष्याचं मातेरं केलं. जहाज कंपनीच्या कचेरीत लागला होता, अक्षर सुरेख होतं त्याचं. साहेबाने एकदा चहा आणायला सांगितला, हा दुसऱ्या दिवसापासून गेलाच नाही. नाटकगृहाच्या तिकीट खिडकीवर बसला, तिथे खेळानंतर खुर्च्या पुसायला लागायच्या. तीही नोकरी सोडली. बेकरीवाल्याची मुलगी त्याला आवडायची, तिलाही तो आवडायचा. तिच्या बापाने विचारलं, 'करता काय आपण?' दादाने सांगितलं, 'आम्ही मोठ्या घरची माणसं.' बाप इतका हसला की त्याला ठसका लागला. मुलगी पुढे एका सुताराला दिली. दादा पावाला कधीच त्या बेकरीत गेला नाही, मी गेले तर त्या दिवशी पाव खायचा नाही.

आणि एक गोष्ट त्याने कधीही केली नाही. मोठ्या घराचे कपडे आमच्याकडेच यायचे. इस्त्री झाली की गठ्ठा डोक्यावर घेऊन टेकडी चढायची आणि मागच्या दाराने आत द्यायचा. पुढच्या दाराने धोबी, इस्त्रीवाले, दूधवाले कोणीच जात नाहीत. मी पावसात नेला, तापात नेला, गुडघे धरले तेव्हाही नेला. 'एकदा, फक्त एकदा ने रे दादा,' असं मी किती वेळा म्हटलं असेन. तो म्हणायचा, 'दुसरं काहीही सांग. त्या घरात मी मागच्या दाराने जाणार नाही. एक दिवस पुढच्याने जाईन.' मी कपाळावर हात मारून गठ्ठा उचलायची.

मंडळाचे चिटणीस बदलत राहिले. प्रत्येकाला दादा जाऊन भेटला आणि प्रत्येकाने 'बघू' म्हटलं. मग यंदाचे चिटणीस आले. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, गोड बोलणारे, कुणाचंही दुःख ऐकून डोळे पुसणारे. पोशाख घेऊन ते स्वतःच दुकानात आले. खुर्चीतल्या दादासमोर उभे राहिले आणि त्याचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, 'इतकी वर्षं मंडळाने तुमच्यावर अन्याय केला. यंदा तुमचं पुकारणार. मंचावर यायचं. मोठ्या घरच्या बाईंनी स्वतः सुचवलंय.'

दादा उठून उभा राहिला. दुकानात आलेल्या कुठल्याही माणसासाठी मी त्याला उठताना पाहिलं नव्हतं. चिटणीस गेल्यावर तो मागच्या खोलीत गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी इस्त्री बाजूला ठेवली. मलाही भरून आलं, लपवत नाही. आपणच वेडे होतो, हा खरा होता, असं मला वाटलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्याला साखर जास्त घालून चहा दिला.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी दादा फेरफटक्याला गेलेला असताना चिटणीस राहिलेल्या टोप्या घेऊन आले. मी सहज म्हटलं, 'बाईंना कसं काय आठवलं हो एवढ्या वर्षांनी? भाऊबंदकी कोण लक्षात ठेवतं?'

'भाऊबंदकी?' त्यांना कळेना. मग त्यांचा चेहरा उजळला. 'नाही नाही, ताई. यंदाचा विषयच वेगळा आहे. आजवर आपण फक्त घराण्यांचा मान केला. पण त्या घराण्यांबरोबर जी माणसं आली त्यांचं काय? स्वयंपाकी, गाडीवान, धुणं धुणाऱ्या बाया. त्यांच्यावाचून ही घरं उभी तरी राहिली असती का? बाईंच्या आजीच्या तोंडी तुमचं आडनाव असायचं. तुमचा तो पूर्वज बग्गीच्या मागे उभा राहायचा, बग्गी थांबली की खाली उडी मारून दार उघडायचा. बाकीच्यांचा पत्ताच लागत नाही हो. तुमचा भाऊ एकटाच सापडला.' बोलता बोलता त्यांनी डोळे पुसले.

माझ्या हातात टोपी होती. तिची लेस मी इतकी घट्ट धरली की खळ पिठासारखी बोटांवर आली. 'चिटणीससाहेब,' मी म्हटलं, 'त्याला हे असं मंचावर सांगू नका. नुसतं नाव पुकारा आणि उतरू द्या.' ते प्रेमाने म्हणाले, 'ताई, यात लाजण्यासारखं काय आहे? आम्हाला तर अभिमान आहे त्यांचा!' अशा माणसावर धड चिडताही येत नाही. वाईट असते तर इस्त्री फेकून मारली असती.

दादा परत आला. मी ठरवलं होतं की सांगायचंच. तो कोट झटकत होता, गुंड्यांना हाताने चकाकी आणत होता.

'दादा, ऐक. त्यांनी आपल्याला का बोलावलंय माहितीये का?'

'का म्हणजे?'

'आपण त्यांची माणसं, म्हणून.'

दादा वळला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही हसू होतं की मी ते आई गेल्यापासून बघितलं नव्हतं. 'मग? मी काय वेगळं सांगत होतो इतकी वर्षं?'

'अरे, तसं नाही. त्यांची माणसं म्हणजे… त्यांच्याकडची.'

'त्यांच्याकडचीच! मुलाकडची, मुलीकडची म्हणतो तशी. अगं, आता तरी मान ना. तू आणि आई, दोघींनी कधी मानलंच नाहीत.'

एकच शब्द होता सांगायला. नोकर. एवढासा शब्द, दिवसातून चार वेळा कुणी ना कुणी वापरतो. माझ्या जिभेवर येऊन तो परत गेला. मला त्या शब्दाचा, त्या चिटणीसाचा, बाबांचा आणि बाबांच्या बापाचा असा काही संताप आला की मी त्याच्या हातातून कोट ओढून घेतला आणि म्हटलं, 'आण इकडे, दाबून देते.' ओलं फडकं टाकून मी तो कोट दाबला. इतका सुरेख मी तो कधीच दाबला नव्हता. आतल्या सदऱ्याची फक्त कॉलर आणि मनगटं केली. कोटाच्या आत कोण बघतंय.

सोहळ्याला मी टाके घालायला सुई आणि छोटी इस्त्री घेऊन मंचाच्या बाजूला उभी असते. दरवर्षीचंच आहे ते. सभागृह भरलं होतं. माझ्याच हातच्या कॉलरी रांगेने ताठ बसल्या होत्या. दादा यंदा पहिल्या रांगेत. केस पाण्याने चापून बसवलेले, हात गुडघ्यांवर. बेकरीवाल्याची मुलगी, आता तिला नातवंडं झालीत, तीही आली होती. दादाने वळून एकदा ती आहे ना याची खात्री करून घेतली.

नावं पुकारली गेली. मोठ्या घराचं नाव नेहमीप्रमाणे शेवटी आलं. मोठ्या घरच्या बाई काठी टेकत चढल्या. सत्तरीच्या पुढच्या, बारीक, हसऱ्या. कपडे घ्यायला कधी त्या स्वतः मागच्या दाराशी आल्या तर मला 'दमलीस का गं' असं विचारणाऱ्या. त्या खाली उतरल्या नाहीत. चिटणीसांनी त्यांच्या शेजारी उभं राहून खणखणीत आवाजात पुकारलं:

'आणि यंदा प्रथमच, मोठ्या घरची माणसं!'

हेच शब्द. बाबांचे होते तसेच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. दादा उठला. टाळ्या पडत होत्या. पायऱ्या चढताना त्याने माझ्याकडे बघितलं आणि भुवया उडवल्या. लहानपणी पैज जिंकला की उडवायचा तशा. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

बाईंनी त्याला जवळ घेतलं. 'ही आमची माणसं,' त्या लोकांना म्हणाल्या. दादाने मान झुकवली, रोज किल्लीवाल्यासमोर झुकवायचा तशीच, किंचित. मग बाईंचं लक्ष कोटाकडे गेलं. त्यांनी एक गुंडी बोटांत धरली, वाकून बघितली आणि लहान मुलीसारख्या आनंदल्या.

'अगं बाई! हा तोच कोट! आजी सांगायची ना मला. बघा, बघा सगळ्यांनी.' त्यांनी खिशाचं झाकण उचललं आणि खालचं सलग कापड लोकांना दाखवलं. 'खिसेच नाहीत! आमच्याकडे नोकरांच्या कोटाला खिसे ठेवत नसत. उगाच हात जायला नको, म्हणून!'

सगळं सभागृह हसलं. कुत्सितपणे नव्हे हो, मनापासून, जुन्या गमतीला हसावं तसं. बाईही हसल्या आणि त्यांनी दादाच्या दंडावर थोपटलं. 'पण हा कोट घालणारा कधी काही घेणाऱ्यांतला नव्हताच हं. आजी म्हणायची, फार इमानी होता.'

मी दादाकडे बघत होते. तोही हसत होता. लोक हसतात म्हणून हसत होता, आणि हसता हसता त्याचा हात त्या झाकणाखाली गेला आणि सलग कापडावरून फिरला. एकदा इकडे, एकदा तिकडे. तो तिथेच थांबला. हसू चेहऱ्यावर राहिलं, ते काढून घ्यायचं त्याला सुचलं नाही.

चिटणीस पुढे झाले. हा ठेवा मंडळाकडे यायला हवा, म्हणाले. दारातच काचेचं कपाट करू, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल. बंधू एवढं मोठं मन दाखवतील अशी खात्री आहे. पुन्हा टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. दादा वरच्या गुंडीपासून सुरुवात करून एकेक गुंडी काढत गेला. कोट उतरवला, बाह्या आत दुमडल्या, नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी बाईंपुढे धरला. आणि मग तो मंचावर उभा राहिला तो नुसत्या सदऱ्यात. कॉलर आणि मनगटं कडक, मधलं सगळं चुरगळलेलं, पाठीवर पेटीतल्या घड्या तशाच. गावातल्या इस्त्रीवालीचा भाऊ. माझ्या हातात इस्त्री होती आणि मला त्या पायऱ्या चढून जाता येत नव्हतं.

नवी पट्टी भिंतीवर बसवलेली होती, मोठ्या घराच्या पट्टीखाली, लहान अक्षरांत. 'आणि त्यांची माणसं.' आमचं आडनाव त्यात नव्हतंच. चिटणीस मला नंतर म्हणाले की बाकीच्यांचीही नावं कळली की सगळी मिळून एक मोठी पट्टी करू. दादाने वर बघितलं, पण पट्टीला हात लावला नाही. तो पायऱ्या उतरून खाली आला.

चहाला आम्ही थांबलो नाही. रस्त्याने तो माझ्या मागे चालत होता. एरवी चार पावलं पुढे असायचा. गल्ली वळल्यावर म्हणाला, 'बाबांना माहीत असेल का गं?'

'कोणास ठाऊक.'

'तुला माहीत होतं?'

'कालच कळलं. सांगत होते तुला.'

'हो,' दादा म्हणाला. 'सांगत होतीस खरी.' मग म्हणाला, 'इमानी होता म्हणे.'

मी म्हटलं, 'दादा, चहा करते, साखर घालून.' तो म्हणाला, 'नको. तुझे पाय दुखत असतील.' त्याने हे आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं आणि मला ते सहन झालं नाही. मागच्या खोलीत जाऊन मी तोंडात पदर कोंबून रडले.

सकाळी मी उठून दुकानात आले तर खुर्ची दाराशी नव्हती. ती आत, कपडे टांगायच्या दोऱ्यांखाली, भिंतीला लावून ठेवलेली, आणि तिच्यावर न दाबलेले कपडे रचलेले. टेबलाजवळ मोठ्या घरचा गठ्ठा पडला होता, आठवड्याचा, चादरीत बांधलेला. दादा त्याच्याशेजारी उभा होता. कालचाच चुरगळलेला सदरा, वरून लावलेली कडक कॉलर काढून टाकलेली. त्याने गठ्ठा उचलायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा जमलं नाही, गाठ कुठे धरायची ते त्याला माहीत नव्हतं. मग तो खांद्यावर घेतला.

'ठेव रे तो,' मी म्हटलं. 'मी नेईन. मी नेतेच.'

'असू दे.'

'दादा, ठेव म्हणते ना! बस तू. खुर्ची आणते तुझी.'

आयुष्यभर मी याच दिवसाची वाट बघितली होती, की हा माणूस कधीतरी उठेल आणि एक गठ्ठा उचलेल. आणि आता मी त्याच्या दंडाला धरून त्याला बस म्हणत होते, खुर्चीत बस आणि सांग काहीतरी, धाकट्या भावाचं सांग, त्याने इस्टेटीवर पाणी कसं सोडलं ते सांग. त्याने माझा हात हळूच सोडवला. उंबऱ्यात थांबला. गठ्ठ्यामुळे त्याला मान वळवता येत नव्हती, म्हणून समोर बघतच त्याने विचारलं,

'मागचं दार कुठल्या बाजूला आहे?'

मी सांगितलं. डावीकडच्या बोळातून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, हिरवा दरवाजा, कडी वाजवायची आणि पायरीखाली थांबायचं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि निघाला.

समोर किल्लीवाला दुकान उघडत होता. दादा बोळाकडे वळेपर्यंत तो बघत राहिला. मग रस्ता ओलांडून आला आणि हळू आवाजात त्याने मला विचारलं, 'सरकार कुठे निघाले?'

'कामाला,' मी म्हटलं आणि इस्त्री तापत ठेवली.